चार नंबर

दिवाळीपासून गाडीचा पंखा
एक, दोन, तीनवर मेलेला.
चारवर मात्र सुटायचा पिसाळल्यासारखा.
थंडीत हीटर लावला की
घसा कोरडा, जळक्या धुळीचा वास,
मेमध्ये एसी लावला की कानात वावटळ.
बंद केला तर भट्टी.
मधलं काही नाही.

सारंग बाजूला, ट्युशनची बॅग मांडीवर.
मी विचारायचे, "डबा खाल्लास?"
तो म्हणायचा, "काय?"
मी ओरडायचे, "डबा!"
तोही ओरडायचा, "ओरडून काऊन राहिली?"
धरमपेठ ते मानकापूर
रोजचं एवढंच बोलणं.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
कामठी रोडला गेले, लीलाधर कुंभाऱ्यांकडे.
गॅरेज म्हणजे कडुनिंबाला बांधलेली ताडपत्री,
खडखडणारा एक कूलर,
आणि ते स्वतः, शर्टाच्या खिशात
टेस्टर आणि एक कांदा. ऊन लागू नये म्हणून.

डॅशबोर्डखाली उताणे शिरले.
बाहेर फक्त पाय.
समोरचा कप्पा काढून माझ्या हातात दिला:
मुदत संपलेली तीन पीयूसी, अर्धा कंगवा,
आणि सारंगचं तिसरीतलं ओळखपत्र,
पुढचे दोन दात नसलेलं.

मग पायांच्या बाजूने एक हात आला.
तळहातावर दोन बोटांएवढी वस्तू,
तारेची वेटोळी, काळी पडलेली,
कडेचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं.
"हे पहा ताई. रेझिस्टर.
एक-दोन-तीन याच्यातून जाते,
हा अडवते करंटले, थोडा थोडा.
चार नंबर डायरेक्ट. त्याले अडवणारं कोणी नाही,
म्हणून थोच तेवढा चालून राहिला होता."

इतके महिने मी समजत होते
जे चालतंय ते धड आहे.

"नवा टाका मग."
पाय हसले. खरंच, अंगठे हलले.
"टाकतो ना. पण महिन्याभरात थोही जळन.
मोटर जाम हाये तुमची. जोर लावून फिरते,
जास्ती ओढते, मार याले बसते."
"याचा काय गुन्हा?"
"काहीच नाही. मधात बसते ना."

मोटर निघाली.
तिच्या पिंजऱ्यात कडुनिंबाची वाळकी पानं,
सीटमधला कुरतडलेला फोम,
संत्र्याची साल, चामड्यासारखी झालेली,
कोणा उंदरिणीनं मन लावून केलेलं घर.
रिकामं.
ते त्यांनी ब्रशनं झाडलं, मला वाटलं त्याहून हळू.
तेलाचा एक थेंब.
"फिरवा बोटानं."
फिरवलं. आवाज न करता
कितीतरी वेळ फिरत राहिली.

नवा रेझिस्टर बसवताना म्हणाले,
"याची जागाच वाऱ्यात असते.
सगळ्यायसाठी हा तापते,
मंग तीच हवा याले निववते.
हवा अडली का खलास."
साडेआठशे झाले. जुना मी मागून घेतला.
कशाला ते त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी सारंगला घेतलं.
एकवर ठेवला पंखा.
शेजारच्या खोलीत कोणी मनातल्या मनात वाचावं
तेवढाच आवाज.
गाडीत इतर आवाज किती होते!
त्याच्या चेनचा, माझ्या बांगडीचा,
मागच्या सीटवर लवंडणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा.

डॅशबोर्डवरचं ओळखपत्र त्यानं उचललं,
बराच वेळ पाहिलं.
"येड्यासारखा दिसत होतो," म्हणाला.
एलआयसी चौकाला लाल.
मग, काचेकडे तोंड करून:
"आई, मी तो फॉर्म भरला नाही."

माझा हात नॉबवर गेला.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
आकड्यांवर अंधार होता, पण बोटांना चार माहीत होतं.
सिग्नलला चौऱ्याहत्तर सेकंद.
दोन केलं.
परत एकवर आणलं.

कोणता फॉर्म ते मला ठाऊक होतं.
"कोणता रे?" मी विचारलं,
आणि त्याला ऐकू गेलं.